अलगमामांची सही

दोन कागद एका हातात घेताना मी अलगमामांना कधीही पाहिले नाही. एक उजव्या हातात, दुसरा डाव्या. तिसरा कोणी पुढे केला तर म्हणत, "थांब. देवानं हात दोनच दिलेत. एक मोकळा होऊ दे." दोन कागद टाचून आले तर ते आधी टाचणी काढत आणि ती शर्टाच्या खिशाच्या कडेला खोचत. दुपारपर्यंत त्या खिशावर टाचण्यांची रांग लागलेली असे. कोणत्याही दोन गोष्टी एकत्र येताना दिसल्या की ते हिंदीत ओरडत, "अलग-अलग!" गोदामातले उत्तर प्रदेशातले हमाल म्हणूनच त्यांना 'अलग चाचा' म्हणत आणि आम्ही कार्यालयातली मंडळी 'अलगमामा'. त्यांचे खरे नाव मी इथे लिहिणार नाही. ते एका पत्रात लिहिले गेले आहे आणि तिथे ज्या शब्दाशेजारी ते आहे, तो शब्द मला त्या नावाशेजारी पुन्हा पाहायचा नाही.

मामा हयात आहेत, खारबावला आपल्या घरी आहेत, रोज दोन वेळा जेवतात. तरीही मी भूतकाळात लिहिते आहे, कारण भिवंडीजवळच्या दापोड्यातल्या गोदामातले अलगमामा आता उरलेले नाहीत. त्यांना तिथून काढण्यात आले आणि त्या घटनाक्रमात माझ्या हातची एक ओळ होती. हे सगळे शांत डोक्याने लिहावे, असे मला एका हितचिंतकाने सुचवले. प्रयत्न केला. जमला नाही.

गोदाम औषधांचे होते. निरनिराळ्या कंपन्यांचा माल आमच्याकडे येई, थप्प्यांमध्ये रचला जाई आणि मागणी येईल तसा ट्रकमधून नाशिककडे, गुजरातकडे जाई. मामा तिथे माल रवाना करणारे सुपरवायझर होते. तरुणपणी त्यांनी भिवंडीत लूमवर शिफ्टा केल्या. पुढे लूम बंद पडत गेले, गोदामे वाढत गेली आणि मामा एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली आले. गोदामामागच्या भिंतीकडे बोट दाखवून ते एकदा मला म्हणाले होते, "हितं आमची भातशेती व्हती, बाय. आता माझ्याच बापाच्या खाचरात मी ड्युटी करतंय." हे सांगताना आवाजात दुःख वगैरे काही नव्हते, कोणती थप्पी कुठे आहे, हे सांगावे इतका तो सरळ सूर होता.

त्यांची दुसरी सवय अशी, की मालाचे नाव सांगण्याआधी ते आकडा सांगत. "बारा!" असे ओरडत, क्षणभर थांबत आणि मग बारा पेट्या कोणत्या ते सांगत. त्यानंतर पुन्हा "सात!" आणि मग सातांची नावे. हमालांचे मुकादम इस्माईलभाई यावर वैतागत. "चाचा, सीधा नाम बोलो ना, गिनती हम कर लेंगे." त्यावर मामांचे उत्तर ठरलेले. "तू गिनती करेगा, लेकिन रुकेगा किधर? मैं बारा बोला तो बारा पे रुकेगा. नहीं बोला तो नाशिक तक गिनता रहेगा." इस्माईलभाई हसत आणि बारावर थांबत.

तिसरी सवय साहेबांना खुपत असे. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. दोन वेगवेगळ्या पाठवणींच्या थप्प्यांमध्ये मामा हातभर जागा मोकळी सोडत. साहेबांना गोदामातला प्रत्येक फूट भरलेला हवा असे. एकदा ते माल चढवण्याच्या फलाटावर येऊन सर्वांसमोर म्हणाले, "ही रिकामी जागा कशासाठी? इथे आणखी वीस पेट्या बसतील."

मामा म्हणाले, "रिकामी न्हाय, सायेब. ही काम करतेय."

"काय काम करतेय?"

"हितून तिकडचं येगळं, आनि तिकडून हितलं येगळं, हे सांगतेय. पगार मागत न्हाय, रजा मागत न्हाय. राहू द्या तिला."

हमाल हसले. साहेबांनी ते हसणे लक्षात ठेवले असावे, असे आता मला वाटते.

मी तिथे प्रणालीप्रमुख म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्याकडे पदार्थविज्ञानातली पदव्युत्तर पदवी, प्रथम श्रेणी आणि भरपूर घाई होती. आमच्या घरात दोन पिढ्या कारकून आणि शिक्षक झाले. मला तिथे थांबायचे नव्हते. दापोडे हा माझ्या हिशेबात एक मुक्काम होता, पुढचा पुण्याचे मुख्य कार्यालय. तिथल्या विश्लेषण विभागातल्या जागेसाठी साहेबांची शिफारस लागणार होती आणि ती मिळावी म्हणून मी गोदामातले हाती चालणारे प्रत्येक काम संगणकावर आणत सुटले होते.

त्यातलेच एक काम म्हणजे रवानगीची चिठ्ठी. ती मामा हाताने लिहीत. वरच्या भागात आज जाणाऱ्या बॅचा, खालच्या भागात 'थांबवा' अशा मथळ्याखाली ज्यांना हात लावायचा नाही त्या बॅचा. एखाद्या बॅचबद्दल कंपनीला शंका आली की ती तपासणी होईपर्यंत थांबवून ठेवण्याची सूचना येते; असा माल मामा एका कोपऱ्यात लाल दोरी बांधून ठेवत. मी ही चिठ्ठी छापणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. मामा माझ्या खुर्चीमागे उभे राहून पाहत होते.

"दोन याद्या हायत ना?"

"हो मामा. एक पाठवायची, एक थांबवायची."

"दोन्ही याच्यात टाकल्यास. मंग आत गेल्यावर त्यो त्या कुठं ठेवतो?"

"आत ठेवतो."

"आत म्हंजे कुठं? एकाच टोपलीत का दोन टोपल्यांत?"

मी हसले. ते हसणे सभ्य होते, पण ते कशासाठी होते हे आम्हा दोघांनाही कळत होते. प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. खरे कारण असे, की उत्तर मला माहीत नव्हते आणि माहीत नाही हेही माहीत नव्हते.

इथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. पण ते कोणालाही समजेल असेच आहे. विद्यापीठात मी संगणकाची जी भाषा शिकले होते, तिच्यात एखाद्या फंक्शनला, म्हणजे नेमून दिलेले एकच काम करणाऱ्या तुकड्याला, दोन याद्या दिल्या की त्या दोन म्हणूनच पोहोचतात. गोदामाच्या जुन्या सर्व्हरवर मात्र शेल नावाची काटकसरी भाषा होती. तिच्यात फंक्शनला याद्या अशा मिळतच नाहीत. मिळते ती शब्दांची एक रांग. पहिली यादी द्या, तिच्या शेजारी दुसरी द्या. शेल दोन्ही याद्या उघडते, आतले सगळे बाहेर काढते आणि एका ओळीत मांडून पुढे करते. पहिली कुठे संपली, याची खूण कुठेही राहत नाही. माझ्या फंक्शनने ती सगळी रांग 'पाठवायचा माल' म्हणून वरच्या भागात छापली आणि खालचा भाग कोरा सोडला. यात भाषेचा दोष नाही. ती कसे वागते हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले असते. मी ते वाचले नव्हते.

मी चाचणी केली होती. हे वाक्य मी तेव्हा अनेकदा, अभिमानाने उच्चारले. पण चाचणीच्या दिवशी थांबवायची यादी रिकामी होती. दुसऱ्या यादीत काहीच नसेल तर ती पहिलीत मिसळली काय आणि न मिसळली काय, चिठ्ठी सारखीच निघते. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असा प्रयोग केला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते.

त्यानंतर एका कंपनीने डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या काही बॅचा थांबवायला सांगितल्या. मी त्या दुसऱ्या यादीत नोंदवल्या. दुसऱ्या दिवशी नाशिकची गाडी होती. चिठ्ठी छापून निघाली, मामांनी ती उजव्या हातात घेतली, डाव्या हातात काही नव्हते, आणि ते थेट माझ्या टेबलाशी आले.

"बाय, खालचा भाग रिकामा हाय."

"मग थांबवायचं काही नसेल."

"काल व्हतं."

"काल होतं म्हणजे आज असेलच असं नाही. सूचना उठली असेल."

"उठली का?"

कार्यालयात चार माणसे होती आणि साहेबांच्या खोलीचे दार उघडे होते. मी आवाज चढवून म्हणाले, "मामा, मी चाचणी केलेली आहे. तुमच्या शंकेला काही आधार आहे का?"

"आधार न्हाय," ते म्हणाले, "सवय हाय."

मग ते साहेबांच्या दारात गेले. साहेबांनी संगणकाच्या पडद्यावरून नजर न हलवता सांगितले, "सिस्टीमनं दिलंय ना? मग गाडी लावा. आधीच उशीर झालाय." मामा फलाटावर गेले. तिथे त्यांनी चिठ्ठीवर सही केली.

गाडी गेल्यावर ते रोजच्या सवयीने कोपऱ्यातला माल मोजायला गेले. कोपरा मोकळा होता. लाल दोरी जमिनीवर पडली होती. चिठ्ठीत नावे असल्यामुळे इस्माईलभाईंच्या माणसांनी ती सोडून माल चढवला होता. मामा माझ्याकडे आले. मी कंपनीची सूचना उघडून पाहिली; ती उठलेली नव्हती. ते एवढेच म्हणाले, "चल, बस मागं."

दुपारच्या उन्हात त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी नाशिकच्या रस्त्याला लागले. वाटेत त्यांनी एकदाही मला दोष दिला नाही. फक्त एकदा मान किंचित वळवून ओरडले, "त्यो ड्रायव्हर पडघ्याच्या आधी जेवल्याशिवाय राहत न्हाय. खादाड हाय, म्हनून वाचलो!" ट्रक खरोखरच पडघ्याच्या अलीकडे एका ढाब्यासमोर उभा होता आणि चालक हात धुवत होता.

"अरे चाचा, आप? कुछ छूट गया क्या?"

"छूटा नहीं, ज्यादा आया. पीछे का खोल."

"सील लगा है, चाचा. सील तोडूँगा तो मेरी नौकरी जाएगी."

"तू मत तोड. मैं तोडता. चिठ्ठी पे मेरी सही है, तेरी नहीं."

"दाल तो खा लेने दो!"

"खा. तेरे को कौन रोका? मेरे को दो आदमी दे और खा."

मामांनी सील तोडले. त्यांनी एकेक बॅच नावाने ओळखून खाली उतरवून घेतली. थेंबांच्या पेट्या ढाब्याच्या एका खाटेवर रचल्या गेल्या आणि परतीचा टेंपो येईपर्यंत मी दुसऱ्या खाटेवर बसून त्यांची राखण केली. येणारेजाणारे विचारत होते, विकायला आहेत का. एकही पेटी नाशिकला पोहोचली नाही. कोणाच्याही डोळ्यात एकही थेंब गेला नाही. हे कोणामुळे, हे मी पाहिले आहे.

मामा ट्रकमागे न जाता गप्प बसले असते तर हे कोणालाच कळले नसते, निदान बरेच दिवस तरी नाही. पण तुटलेले सील लपत नाही. मुख्य कार्यालयातून दोन अधिकारी चौकशीला आले. साहेबांच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या. अधिकाऱ्यांपुढे चिठ्ठी होती आणि त्यांना एका नावाची गरज होती.

"सही तुमची?"

"माझी."

"पाहून केलीत?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. साहेबांच्या टेबलाच्या खणात माझ्या पुण्याच्या शिफारसीचे पत्र होते, त्यावर सही व्हायची होती. हे मला ठाऊक होते, साहेबांना ठाऊक होते आणि, आता कळते, मामांनाही ठाऊक होते.

"न बघता केली," मामा म्हणाले.

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. तो मी ऐकला. मग एका अधिकाऱ्याने माझ्याकडे वळून विचारले, "मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी "नाही" म्हणाले.

या शब्दाची कारणे मी नंतर अनेकदा तपासली. ती सगळी तर्कशुद्ध होती, आणि म्हणूनच मला त्यांचा इतका संताप येतो. मी विचार केला, की मामांचे निवृत्तीचे वय जवळ आले आहे. मी विचार केला, की त्यांनी स्वतःहून सांगितले आहे. मी विचार केला, की आता मध्ये बोलले तर ते खोटे ठरतील. माणूस स्वतःला किती सुबकपणे पटवू शकतो, हे मी त्या खुर्चीवर बसून शिकले.

बाहेर फाटकाशी मी त्यांना गाठले. "मामा, खोटं का बोललात?"

"तुला पुन्याला जायचंय."

"मी मागितलं होतं का तुमच्याकडे?"

"मागायला लागतं का? माझ्या किती शिफ्टा रायल्या आता! जा तू. उनात उभी राहू नको."

त्यांच्या या वागण्यात माया होती, हे मला मान्य आहे. पण एखाद्याच्या वाट्याची चूक त्याला न विचारता उचलून नेणे ही माया असली तरी जबरदस्तीही आहे. त्यांनी मला वाचवले आणि त्याच क्षणी भित्री ठरवून टाकले. ठरवले ते खरे निघाले, म्हणून राग कमी होत नाही, वाढतो.

स्क्रिप्ट दुरुस्त करायला मला एक चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. शेलमध्ये दोन याद्या वेगळ्या पोहोचवायच्या असतील तर उपाय दोन आहेत. एक, फंक्शनला याद्या न देता त्यांची नुसती नावे द्यावीत आणि तू जाऊन बघ म्हणावे. दुसरा, आधी पहिल्या यादीचा आकडा द्यावा, मग तिच्यातला माल आणि मग दुसरीतला. फंक्शन तेवढे मोजते आणि तिथे थांबते. दुसरा उपाय पुस्तकात वाचताना मला फलाटावरून "बारा!" असे ऐकू आले. मी तोच निवडला. ती दुरुस्त स्क्रिप्ट त्या गोदामात अजून चालते, रोज चालते, आणि ज्याच्या पद्धतीने चालते त्या माणसाला तिथे फाटकाच्या आत येऊ देत नाहीत.

मी पुण्याला गेले. काम आवडीचे होते, माणसे हुशार होती, माझे कौतुक होत होते. पुढच्या काही महिन्यांत मी मामांना दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा त्यांनी "मजेत हाय" सांगून माझ्याच जेवणाची चौकशी केली. खरे काय ते इस्माईलभाईंनी फोन करून सांगितले.

"मॅडम, चाचा को कोई गोदाम में नहीं ले रहा. हर जगह काम से निकालने वाली वो चिठ्ठी माँगते हैं. उसमें लिखा है ना वो... निष्काळजीपणा." मराठीतला तो अवघड शब्द त्यांनी सावकाश, तोडत उच्चारला. "इतने साल में एक पेटी इधर की उधर नहीं की. आपको मालूम है. है ना मालूम?"

मला माहीत होते.

रविवारी मी खारबावला गेले. मामा घरी नव्हते. मामी म्हणाल्या, "भाच्याच्या लॉनवर गेलेत. गाड्या लावून घेतात." भाच्याने रस्त्याकडेच्या जमिनीवर लग्नाचे लॉन काढले होते. मामा फाटकाशी शिट्टी घेऊन उभे होते आणि नवरीकडच्यांना डावीकडे, नवऱ्याकडच्यांना उजवीकडे गाड्या लावायला सांगत होते. कोणीही ऐकत नव्हते. भाचा दुरून ओरडत होता, "मामा, कुठंपन लावू दे रं त्यांना!"

मी पिशवीतून माझे निवेदन काढले. मुख्य कार्यालयाला देण्यासाठी मी ते रात्रभर घासूनपुसून लिहिले होते.

"वाच," ते म्हणाले.

"'सदर चुकीस मी एकटीच पूर्णतः जबाबदार असून संबंधित सुपरवायझरांचा त्यात कोणताही—'"

"थांब. एकटीच?"

"हो."

"आनि मी काय गोदामात पूजेला बसलो व्हतो?"

"मामा, मी तुम्हाला यातून सोडवते आहे."

"मला इचारलंस?"

"तुम्ही मला विचारलं होतंत?" माझा आवाज चढला. मंडपाकडे निघालेल्या दोन बायकांनी वळून पाहिले. "भर चौकशीत खोटं बोललात. माझ्या तोंडावर बोळा कोंबलात आणि वर म्हणालात, उन्हात उभी राहू नको!"

"बोळा मी कोंबला? तोंड तुझं व्हतं!"

मामांचा राग मी पहिल्यांदाच पाहत होते. मान लाल झाली होती, शिट्टीची दोरी मुठीत आवळली होती. एक गाडी भोंगा वाजवत फाटकात अडकली. ते गेले, गाडी उजवीकडे लावून घेतली आणि परत आले. तोपर्यंत त्यांचा श्वास जागेवर आला होता.

"ऐक. तू यंत्र चुकवलंस. ती तुझी. मी खालचा भाग रिकामा बघितला आनि तरी सही केली. ती माझी. सायबांनी सांगितलं गाडी लावा, ती त्यांची. तीन झाल्या. मी खोटं बोललो, तवा तिन्ही माझ्यात घातल्या. आता तू बोलतेस तुझ्यात घाल. फरक काय पडला?"

चौकशीच्या खोलीत साहेब का निःश्वास सोडू शकले, हे मला इतक्या महिन्यांत सुचले नव्हते. सगळ्यांची चूक एका नावाखाली गेली, की ज्याचे नाव नाही तो सुटतो. मी स्वतःच्या अपराधाकडे इतकी टक लावून बसले होते की तो माणूस मला दिसलाच नाही.

"तुझी तू लिव," मामा म्हणाले. "माझी मी सांगतो, ती माझ्या नावानं लिव. सायबाची साहेब लिवतील."

"ते लिहिणार नाहीत."

"मंग तेवढा कागद कमी दिसंल. दिसू दे सगळ्यांना."

लॉनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कागद ठेवून मी त्यांचे निवेदन लिहून घेतले. "मी चिठ्ठी बघितली व्हती. न बघता सही केली हे मी खोटं सांगितलं. मी मॅडमना इचारलं, मग सायबांना इचारलं. साहेब बोलले, गाडी लावा. मला पटलं न्हवतं, तरी मी सही केली." शेवटचे वाक्य गाळावे असे मी सुचवले, त्याने त्यांचीच बाजू कमजोर होत होती.

"न्हाय," मामा म्हणाले. "बाकीचं तुमचं सगळ्यांचं हाय. तेवढंच माझं हाय."

त्यांनी सही केली. दोन निवेदने गेली. पुण्यात माझ्या वरिष्ठांनी मला बोलावून विचारले, की बंद झालेले प्रकरण मी कशासाठी उकरते आहे आणि याचा माझ्या पुढच्या वाटचालीवर परिणाम होईल याची मला कल्पना आहे का. कल्पना आहे, असे मी सांगितले. या वेळी "नाही" म्हणाले नाही, याचा मला अभिमान वाटत नाही. ते काम काही महिन्यांपूर्वीचे होते.

उत्तर आले ते एकच पत्र होते, दोघांच्या नावाने. 'आपल्या दोन्ही निवेदनांचा एकत्रित विचार करण्यात आला असून सदर प्रकरण बंद करण्यात येत आहे.' खाली पदनाम होते, वाचता न येणारी सही होती, नाव नव्हते. 'एकत्रित' या शब्दावर माझी नजर खिळली. ज्या भाषेत मी चूक केली ती निदान आपला स्वभाव पुस्तकात लिहून ठेवते.

पत्र घेऊन मी खारबावला गेले. त्या दिवशी लग्न नव्हते. लॉनवर खुर्च्या उलट्या रचलेल्या होत्या. मी वाचून दाखवले.

"म्हंजे माझ्या पत्रातला त्यो शब्द?"

"तसाच आहे."

"तुझं काय केलं?"

"काहीच नाही."

"आनि साहेब?"

"त्यांचा उल्लेखच नाही."

मामांनी पत्र उजव्या हातात घेतले. मग म्हणाले, "कागद हाय का?"

"आहे."

"लिव. पत्रं दोन पाठवली व्हती, उत्तर एक आलं. दुसरं कधी पाठवताय?"

मी ते वाक्य शुद्ध मराठीत उतरवले. खाली त्यांनी सही केली, त्याखाली मी. तेवढ्याच मजकुराचे पत्र मी दर महिन्याला मुख्य कार्यालयाला पाठवते आणि पाठवल्याचे खारबावला फोन करून कळवते. मामा आधी विचारतात, "आलं?"

मी सांगते, "नाही."

"मंग पुन्ना पाठव," ते म्हणतात आणि फोन ठेवतात.